सावल्या बंद

१२ जून

आज लातूरला बिऱ्हाड मांडलं. खोली पत्र्याची आहे, पण हवेशीर. जिना बाहेरून आहे आणि गच्चीवरून ऋतुजाच्या क्लासची इमारत दिसते, म्हणजे पोरगी पायी जाईल. घरमालक निजामोद्दीनभाई खाली एकटेच राहतात, शिवणकाम करतात. वर पक्का मजला का चढवला नाही, असं विचारलं तर म्हणाले की मॅडम, भूकंपापासून आम्ही डोक्यावर वजन ठेवतच न्हाई. शहाणा माणूस वाटला.

ऋतुजा माझी नात. बारावीला आहे, डॉक्टर व्हायचंय. माझ्या दयानंदला देगलूरचं बियाण्यांचं दुकान सोडता येत नाही, सुनेला शाळेची नोकरी सोडता येत नाही. निवृत्त आई मात्र सोडण्यासारखं काही नसलेलीच असते, असा या लोकांचा समज. या गल्लीत घरटी एक बाई अशीच बाहेरगावाहून येऊन लेकरासाठी चूल मांडून बसली आहे. शेजारी उदगीरची आई, समोर रेणापूरची मावशी. सिकंदराबादच्या नन्सच्या छडीखाली शिकून मी नांदेडच्या पाटबंधारे कार्यालयात अधीक्षक झाले, आणि आता पहाटे उठून डबे भरणार. भरेन. आनंदानं भरेन. ऋतुजा म्हणाली, अज्जी, तू आलीस म्हणून मला इथं झोप तरी लागेल.

१५ जून

क्लासचे संचालक पालकांशी बोलले. पालक म्हणजे आम्ही बायकाच. त्यांचा उपदेश असा की लेकरू पळायला हवं असेल तर बाकी सगळं बंद करा. टीव्ही बंद, लग्नकार्य बंद, मोबाईल बंद, मैत्रिणी बंद. गृहस्थाचं मराठी इतकं गचाळ की कान धुवावेसे वाटले. पण सगळ्या बायका मान हलवत होत्या. मीही हलवली. ऋतुजाची गाण्याची वही मी आजच पेटीच्या तळाला टाकली.

१९ जून

सराव परीक्षा ऑनलाइन असतात म्हणून दयानंदनं कॉम्प्युटर पाठवला. नांदेडचा कॉम्प्युटरवाला आसिफ घेऊन आला आणि जोडूनही गेला. दुपारभर एकटी काय करणार म्हणून त्यानं मला एक खेळ घालून दिला. जगभरचे लोक एका गावात घरं बांधतात, शेतं करतात, एकमेकांच्या अंगणात येतात. मी एक घर बांधलं. कुणा परदेशी माणसानं येऊन दारात भोपळा ठेवला, बरं वाटलं.

पण चित्र अडखळत होतं. माणूस पाय उचलायचा आणि तो तसाच हवेत राहायचा. आसिफ म्हणाला की आजी, ह्यात चित्रासाठीचं येगळं ग्राफिक्स कार्ड न्हाई, बोर्डावरचंच हाय, त्याला झेपत न्हाई, नको ते बंद करत चला, मग बघा कसं पळतंय. त्यानं यादी उघडून दाखवली. मी सावल्या बंद केल्या. लगेच पळायला लागलं. या घरात सगळ्यांना एकच औषध, असं मी म्हणाले तर तो हसला.

२७ जून

ऋतुजा सराव परीक्षेत वर सरकली. क्लासमध्ये तिचं नाव फळ्यावर लागलं. मी शिरा केला.

उतरत्या उन्हात गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. तारेवर चादरी होत्या, खाली फरशी नुसती पांढरी. ऋतुजा उन्हात उभी होती आणि तिची सावली पडलेली नव्हती. माझीही नव्हती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी डोळ्यांना जपा म्हटलं होतंच. गॉगल शोधायला हवा.

८ जुलै

खेळात गर्दी वाढली, पुन्हा अडखळणं सुरू. यादी उघडली. झाडांची पानं बंद केली. तरी भागेना, म्हणून लांबचं दिसणंही अगदी कमीवर आणलं. मला आपल्या अंगणापुरतं दिसलं तरी पुष्कळ. आता लोण्यासारखं चालतं.

१० जुलै

खालच्या कडुनिंबाला पानं नाहीत. नुसत्या काड्या. परवापर्यंत हिरवा होता. निजामोद्दीनभाईंना विचारलं तर म्हणाले की मॅडम, ते झाड तसंच हाय की पहिल्यापासून. माणूस खोटं बोलणारा नाही. त्यांचा चेहरा साधा होता. मी जास्त विचारलं असतं तर त्यांना माझीच कीव आली असती.

ऋतुजा क्लासमध्ये पहिली आली.

१३ जुलै

दयानंदचा फोन दोन दिवस लागत नाही. तक्रार करावी म्हणून निघाले. गल्लीचं टोक आहे, पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीपलीकडे पांढरं आहे. धुकं नव्हे. कोऱ्या कागदासारखं, काहीच नाही. लोक त्याच्यापाशी जातात आणि वळून परत येतात, जणू काम झालं.

निजामोद्दीनभाईंना म्हटलं की मला देगलूरला जायचं आहे. ते म्हणाले, देगलूर? ते कुठं आलं?

घरी येऊन ऋतुजाला म्हटलं की पप्पांचा फोन लागत नाही. तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं. मग जरा वेळानं तिचे ओठ हलले. तिनं विचारलं, कोण पप्पा?

मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिला राग आला नाही. म्हणाली, अज्जी, हल्ली डोकं किती हलकं वाटतंय.

१४ जुलै

मी मूर्ख नाही. सावल्या, पानं, लांबचं. जे जे मी बंद केलं ते ते गेलं, आणि पोरगी पळते आहे.

ती जेवायला बसली होती. मी यादी उघडून सगळं परत चालू केलं. कॉम्प्युटरचा पंखा ओरडायला लागला आणि चित्र गोठलं. मागे वळून पाहिलं तर ऋतुजानं घास उचललेला होता. तोंडापर्यंत गेला नव्हता. डोळे उघडे होते. मी हलवलं, गालाला हात लावला, गाल कोमट होता. वरणाचा थेंब बोटावरून सुटला होता, तो ताटात पडत नव्हता.

किती वेळ गेला माहीत नाही. पडद्यावर पाटी आली की हे या मशीनला झेपणारं नाही, जुनी निवड परत लावत आहे. थेंब पडला. ऋतुजानं घास खाल्ला आणि विचारलं की अज्जी, अशी काय बघतेस, मीठ कमी आहे का.

आसिफला फोन केला, लागला नाही. नांदेडही लांबचंच.

१६ जुलै

कॉम्प्युटरच बंद करून टाकावा म्हणून बटणापर्यंत बोट नेलं. ऋतुजाचे डोळे मिटायला लागले. बोट काढलं. उघडले.

आता तो बंद होता कामा नये. तापतो आहे. मागे पंखा लावला, ओलं फडकं लावलं. क्लासला सुट्टी सांगितली. ऋतुजा रडली, पहिला नंबर जाईल म्हणाली. तिला डॉक्टर कशासाठी व्हायचंय ते विचारलं, सांगता आलं नाही. गाणं आठवतं का विचारलं —

१८ जुलै

पुन्हा अडखळते आहे. बोलताना शब्द आधी, ओठ मागून. पाणी पिताना मध्येच थांबते. पेला तिरका, पाणी तिरकं. मग सुरू. थांबणं लांबत चाललं आहे.

काहीतरी कमी करायला हवं. यादीत फारसं उरलेलं नाही. आवाज बंद केले. गल्ली मुकी झाली, शिवणयंत्र चालताना दिसतं पण —

पुरलं नाही. खाली एक ओळ आहे, माणसं. जास्त, मध्यम, कमी.

मी प्रार्थना केली. नन्सनी शिकवलेली, मग आईनं शिकवलेली. कुणाचंच नाव नीट —

मध्यम केलं.

१९ जुलै

समोरची रेणापूरची मावशी नाही. उदगीरची आई नाही. त्यांची लेकरं गल्लीत उभी आहेत, डबे हातात. कुणाची वाट बघताहेत ते त्यांना आठवत नाही. हे मी केलं.

ऋतुजा पाणी पूर्ण पिते.

२० जुलै

सकाळपासून तीनदा थांबली. शेवटचं थांबणं — मला वाटलं गेली.

कमी केलं.

जिन्यावर निजामोद्दीनभाईंच्या चपला आहेत. यंत्राखाली अर्धी शिवलेली सलवार, सुई कापडात. हाका मारल्या. आवाज बंद आहेत, मलाच ऐकू आल्या नाहीत. ते शहाणे होते. वजन डोक्यावर नको म्हणाले होते ना, मीच त्यांचं —

लेकरंही नाहीत.

दोघीच. ती अभ्यास करते. कुणाशी स्पर्धा, पोरी?

२१ जुलै

मशीनला हात लावला तर चटका. थांबली आहे. पान उलटता उलटता. केस वाऱ्यावर उडालेले तसेच.

यादी पुन्हा वाचली. आता एकच ओळ चालू आहे. स्वतःची आकृती. खेळणाऱ्याला स्वतःचे हातपाय दाखवावेत की नाही.

डबा भरून ठेवला आहे. पाण्याची घागर भरली. तिला चूल पेटवता येते, मीच शिकवलं. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं की तुझं नाव ऋतुजा, तुझं गाव देगलूर, तुझ्या वडिलांचं नाव दयानंद, मशीन गार झालं की एकेक परत चालू कर, आधी माणसं. माझं नाव लिहिलं नाही. ती शोधत बसेल.

त्या ओळीपुढची खूण काढली.

पान उलटलं. ती हलली. केस खाली आले. वर बघते आहे, माझ्याकडे, माझ्या मागे. ओठ हलले. अज्जी म्हणाली असेल.

लेखणी दिसते, हात दिसत नाही. चालते आहे अजून. ऋतुजा उठली, भिंतीजवळ गेली, वाचते आहे. बाळ, माणसं आधी, मशीनला घाई करू नको, गार होऊ दे, पहिल्यांदा मा