तुझ्या आईची अंगठी काळी का पडते

अमडापूर,
१२ फेब्रुवारी

प्रिय योगिनी,

फोन असताना बाबा पत्र काय लिहीत बसले, असं म्हणशील. पण आपल्या घरात फोनवर बोललेलं तुझ्या आईला स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. ती आत्ता देवळात सकाळच्या भजनाला ‘गेली’ आहे, तेवढ्यात उरकतो. तू पाठवलेला कागद मिळाला. येत्या पाडव्यापासून वावर शेजारच्या राजकुमारला मक्त्याने कसायला द्यायचं, मी सही करून ठेवायची आणि रविवारी तू येऊन कागद न्यायचा, असं आपलं ठरलं होतं. माझे गुडघे गेले, आता शेत कोण बघणार, हे तुझं म्हणणं मला पटलंही होतं. तरी सही केलेली नाही. कारण सांगतो, पण जरा लांबून येतो.

दिवाळीत गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी घरातला रिकामा माणूस. तुझी आई मला कामं शोधून देते. तूर निवडा, लसूण सोला. तिची ती चांदीची अंगठी, तू जन्मलीस त्या वर्षी मेहकरच्या सराफाकडून घेतलेली, वेलबुट्टीची, कणीक मळताना ती काढून फडताळात ठेवते. एकदा पाहिलं तर तव्यासारखी काळी. म्हटलं, हे काम आपलं. रांगोळी आणि दातांचा जुना ब्रश घेऊन घासली, झकास निघाली. चार दिवसांनी पुन्हा काळी. मग अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा-मीठ टाकून उकळली. नवीकोरी दिसायला लागली, पण आठवडाभरही टिकली नाही.

आपल्याकडे म्हणतातच, अंगावरची चांदी काळी पडली की अंगात उष्णता आहे, काहीतरी बिघाड आहे. मी घाबरलो. तिच्या हात धुऊन मागे लागलो. सकाळी गुलकंद, दुपारी सब्जाचं पाणी आणि मिरची पूर्ण बंद. चिखलीला नेऊन रक्त तपासलं, तर रिपोर्ट तुझ्यामाझ्यापेक्षा चांगला. ‘मले काही नाही झालं, तुमी काऊन माया मागं लागले?’ एवढंच म्हणायची आणि बिनमिरचीची भाजी मुकाट्याने गिळायची. ठेच्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नाही, ती बाई आठ दिवस! मला वाटलं, आजार लपवते आहे. खरं सांगतो पोरी, त्या दिवसांत मला माझे गुडघे आठवले नाहीत.

गेल्या सोमवारी अंगठीची वेलबुट्टी सुईने कोरत होतो, तर कागदावर चिमूटभर पिवळी भुकटी पडली. नाकाशी नेली. गंधक! मिरचीवर भुरी, ती पांढरी बुरशी, आली की गंधक फडक्यात बांधून, दव असताना पानांवर झटकायचं, यात माझी चाळीस वर्षं गेली. त्याने चांदी काळी पडते हे मला पाठ. पण सुचलं नाही, कारण तुझी आई आणि गंधक यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. जिच्याबरोबर ती भजनाला जाते त्या कलाबाईला गाठलं. ‘भाऊ, मले इचारू नका, वहिनीनं शपथ घातली हाये,’ म्हणाली. मला उत्तर मिळालं, तुझी आई भजनाला जातच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुझी आई निघाल्यावर ऑटो केला आणि वावराजवळ रस्त्यावरूनच पाहिलं. विहिरीलगतच्या अर्ध्या एकरात मिरची, कमरेएवढी, हिरवीगार. नाकाला पदर बांधून, वाऱ्याकडे पाठ करून तुझी आई फडकं झटकत चालली होती. एक झाड सुटत नव्हतं, एका झाडावर जास्त पडत नव्हतं. हे मी तिला कधीच शिकवलं नाही. बाईचं काम नाही म्हणून फवारणीच्या वेळी तिला बांधावर बसवायचो. बांधावरून बघून शिकली. माझ्या हातची मिरची अशी कधी आली नाही आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही, ऊर भरून येतो. हाक मारली नाही. ती यायच्या आत घरी येऊन तूर निवडत बसलो. संध्याकाळी म्हणालो, आज ठेचा कर. मिरच्या बाजारातून आणल्या म्हणाली. मी हो म्हटलं. एक भाकरी जास्त खाल्ली तिने.

कळलं तर आपण दोघं मिळून बंद करू, अशी तिला भीती असणार. केलंच असतं. मक्त्याचं ठरवलं तेव्हा ती चहा ठेवून आत निघून गेली, आठवतं? आपण तिला थांबवलंही नाही. म्हणून हे पत्र. रविवारी येशील तेव्हा कागद माझ्यापुढे नको, तिच्यापुढे ठेव आणि विचार, आई, वावर द्यायचं का? चाळीस वर्षांत हे तिला कोणी विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही. ती हो म्हणाली तर तिथेच सही करतो. पण म्हणायची नाही. तेव्हा मलकापूरहून येताना तोंडाला लावायचं फडकं आणि रबरी हातमोजे घेऊन ये. इथल्या दुकानात आहेत ते सगळे पुरुषांच्या मापाचे, तिच्या हातातून गळून पडतील. तू स्वतःच्या हातात घालून बघ आणि मग घे. तुम्हा दोघींचे हात सारखेच आहेत.

तुझेच,
बाबा