कॉलनीच्या बागेतली खुरपणी

चिरंजीव रामकिसन यास,

अक्काचा पोटभर आशीर्वाद. इथं आम्ही समदे खुशाल, माझे गुडघे सोडून. तुझी, भावजयीची आन् नव्या गाईची तब्येत बरी असंल. तुझ्या बांधावरची हरळी कशी आहे ते विचारत नाय. ती कधी आजारी पडलेली मी तरी पाहिली नाय. पत्र माझी नात अपेक्षा लिहिते. (मी बोलते तसंच लिहायचं, सुधारायचं नाय, असं ठरलंय. पण पोरगी मधेच हसते, म्हणून कुठं अक्षर वाकडं आलं तर माझ्यावर ढकलू नको.) फोन का नाय केला म्हणशील. तुला ऐकू येत नाय, मग मला ओरडावं लागतं, आन् हे प्रकरण ओरडून सांगण्यासारखं नाय. म्हणून शेजारच्या भामाबाईच्या जावयाच्या हाती कागद धाडते.

तर इथं सातारा परिसरात आमच्या कॉलनीमागं मोकळी जागा व्हती. नुसत्या वेड्या बाभळी आन् लोकांनी घरं बांधून उरलेला राडारोडा. तुझ्या भाच्यानं, माझ्या माऊलीनं, तिथं बाग व्हावी म्हणून तीन वर्षं जिवाचं रान केलं. वाळूजच्या कंपनीतली शिफ्ट करून आला की डबा पिशवीतून काढायच्या आधी अर्ज लिहायला बसायचा. (एवढी खटपट त्यानं स्वतःच्या लग्नासाठी केली नाय, ती मलाच करावी लागली.) शेवटी भिंत झाली, फाटक झालं, चालायला रस्ता झाला. कॉलनीच्या कमिटीनं माऊलीलाच बागेचा सचिव केलं. गणपती उठले की उद्घाटन, असं ठरलं. कोणती झाडं येणार, कोणती फुलं येणार, मला समदं सांगून झालं व्हतं. गवताचं तेवढं कुणी बोललं नाय. शेतकऱ्याच्या बाईला गवताची बातमी कोण देतं?

आता माझं सांगते. दोन वर्षं झाली मला इथं येऊन. सून गुणाची आहे, पण कामाला हात लावू देत नाय. आराम करा, म्हणते. आराम चार दिवस गोड लागतो रे, मग हात नुसते मांडीवर पडून राहतात, दुसऱ्याचे असल्यासारखे. तशात मागल्या सोमवारी दुपारी मी आन् माझ्या दोघी शेजारणी, भामाबाई आन् साळूबाई, बाग बघायला गेलो. बघते तर काय, समद्या वाफ्यात हरळी! कोवळी, हिरवीगार, ओळीनं फुटलेली. म्हटलं, माऊलीनं एवढ्या मेहनतीनं बाग केली आन् उद्घाटनाच्या आधीच ही सटवी घुसली! लेकराला कळायच्या आत निस्तरावं. घरी येऊन पेटीतलं खुरपं काढलं. (व्हय, गावाहून येताना लुगड्यात गुंडाळून आणलं व्हतं. सुनेला अजून ठाऊक नाय.)

दोन दुपारी लागल्या. तिथं एक पाटी व्हती. मला आन् भामाबाईला अक्षराची ओळख नाय. साळूबाई चौथी शिकलेली, पण चष्मा घरी. ती म्हणली, पुढाऱ्याचं नाव असंल. मागून कळलं, हिरवळीवर चालू नये असं लिहिलं व्हतं. आता तूच सांग, आम्ही चाललो का? आम्ही तर बसून सरकत व्हतो. वॉचमननं आम्हाला कामावरच्या बाया समजून दोन्ही दिवस चहा दिला. एक मुळी ठेवली नाय, रामकिसन. शिवाय उपटलेली परत धरू नये म्हणून मुळ्या वर करून उन्हात ओळीनं वाळत घातली. दोन वर्षांत पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

बुधवारी माऊली घरी आला. मी तोऱ्यात म्हटलं, जा, बाग बघून ये, आईनं काय केलंय. गेला आन् लगेच परत आला. ओट्यावर बसला. चपलेची माती झाडत म्हणला, "आई, ते लावलेलं व्हतं."

"हरळी? हरळी कोण लावतं रं?"

"मी लावली."

बास, एवढंच. रागवला नाय. तेच लागलंय मला.

संध्याकाळी कमिटी आमच्याच ओसरीवर जमली. मी दाराआड लसूण सोलत व्हते. माऊली खाली मान घालून म्हणला, फाटक माझ्याकडून उघडं राहिलं, डुकरं शिरली. शेजारचे दत्तोपंत (कारकुनी करून रिटायर झालेत, रजिस्टर तेच लिहितात) त्यांनी विचारलं, "डुकरं किती?" माझ्या लेकाच्या तोंडून गेलं, "तीन." त्यांनी लिहून घेतलं, चष्मा पुसला आन् म्हणले, "मुळ्या वर करून ओळीनं ठेवल्यात. डुकरं शिस्तीची दिसतात." जाताना बागेत शिरून त्या हरळीतल्याच दूर्वा निवडून घेऊन गेले, संकष्टी व्हती म्हणून. (भामाबाई, साळूबाईला त्या रजिस्टरात आहेत हे मी अजून सांगितलं नाय.)

पण हसण्यावारी नेऊ नको. कमिटी म्हणते, उद्घाटनापर्यंत हिरवं दिसलं नाय तर सचिव बदलू. तीन वर्षांची त्याची मेहनत मी दोन दुपारीत उपटली, आन् आळ त्यानं स्वतःवर घेतला. जेवतो, पण ताटाकडं बघून.

बाकी ठीक. तू काळजी करू नको. सहज खुशालीचं पत्र आहे.

तुझी अक्का

ता. क. तुझ्या बांधावरच्या हरळीवरून चाळीस वर्षं मी तुला जे जे बोलले, त्यातलं निम्मं मागं घेते. (निम्मंच. कामचुकार तर तू आहेसच.)

ता. क. दुसरा. त्या हरळीच्या चार गोण्या, मुळ्या-मातीसकट, ओल्या करून, येत्या शनिवारच्या यष्टीनं घेऊन ये. कुणी विचारलं तर मेथी म्हण. आन् एक खुरपं आण, माझं त्या वाळत घातलेल्या हरळीतच कुठं राहिलं.

ता. क. तिसरा, माझा, म्हणजे अपेक्षाचा. मामाआजोबा, पप्पांनी काल कंपनीच्या गेटाबाहेर उभं राहून तुमच्याकडे फोनवर ओरडून हीच हरळी मागितली, हे आजीला माहीत नाही. कृपा करून तिला सांगा की तुम्ही हे पत्र वाचूनच गोण्या आणल्यात. पप्पा म्हणतात, लावणी तिच्याच हातची हवी. खुरपं मात्र आणू नका. दत्तोपंत आजोबा आज सकाळी ते धुऊन, पेपरात गुंडाळून माझ्याकडे देऊन गेले. म्हणाले, "डुकरांचं राहिलं होतं."