टेकाडावरच्या रानाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघ्यांचा त्यांनी दिला नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांनी कधीच नाद सोडला.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक व सर्व सामान माझ्या एकुलत्या एका मुलाला व सूनबाईला मिळावे. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातले डबे त्यात धरू नयेत. त्यांत रानातले बी आहे. सूनबाईंनी ते एकदा मिरी समजून भाजीत घातले होते. पाहुणे सभ्य होते, पुन्हा वाढून घेतले नाही एवढेच.

२. वाळवलेल्या झाडपाल्याचे नमुने कॉलेजला द्यावेत. ते दाबायची लाकडी चौकट शेजारच्या शिंपीकाकांना द्यावी. इस्त्री केलेल्या पँटी ते तिच्यात परस्पर दाबतातच, आता हक्काने दाबाव्यात.

३. आता मुख्य गोष्ट, घरामागचे टेकाड. मी ते विकत घेतले तेव्हा तिथे बकरीला पुरेल एवढेही गवत नव्हते. मी काही लावले नाही, काही उपटले नाही. आपणहून काय येते ते पाहत राहिले. लोकांनी मला वेड्यात काढले. आज तिथे दाट रान आहे. उन्हाळे कडक होत चालल्यापासून खालच्या सपाटीवरची झाडे तिथे चढून येत आहेत आणि थंडाव्यात वाढणारी मागे हटत आहेत. दरवर्षी खोडांचे घेर मोजले नाहीत तर हे कोणाला कळणारही नाही.

मुलाचे म्हणणे, "आई, नुसतं रान माजलंय. साफ करू, चार शोभेची झाडं लावू, एखादा बाक टाकू." पोरगा गुणी आहे, पण एका सुट्टीत माझी सगळी हयात साफ होईल.

म्हणून हे टेकाड मी माझे जुने सहकारी उंटराव यांना देते. हे नाव त्यांना उंचीमुळे पडले. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, आणि ही उंची ठरलेली असते, मोजणाऱ्यागणिक बदलत नाही. मुलगा झाला त्या वर्षी मी रजेवर होते, तेव्हा उंटरावांनी मोजणी केली ती स्वतःच्या छातीपाशी. खोड वर बारीक होत जाते. साहेबांनी भर परिषदेत जाहीर केले की दुष्काळाने रान रोडावले! पुढच्या वर्षी मी मोजले, तर रानाने एकदम बाळसे धरलेले. तेव्हा आमचे जे वाजले ते अजून वाजतेच आहे. पण त्यानंतर त्यांनी एकही मोजणी चुकवली नाही, माझी चूक सापडेल या आशेने. उंटराव मला फार आवडतात, हे इथे लिहून टाकते. तोंडावर सांगितले तर डोक्यावर बसतील.

४. माझ्या स्मरणार्थ टेकाडावर एकही रोप लावू नये.

पुरवणी : सहीआधी हे सर्वांना वाचून दाखवले. उंटराव बराच वेळ खोकले, मग म्हणाले, "बाई, मी तुमच्यापेक्षा मोठा. आधी माझाच नंबर लागायचा. माझ्या नावावर करून काय उपयोग?"

झाडांची पुढची शंभर वर्षे पाहणाऱ्या मला हे सुचले नव्हते.

तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, माझ्या नावावर कर. बाक नाही टाकत. पण मला कधी कोणी मोजायला नेलंच नाही गं."

उंटरावांनी खिशातली टेप काढून त्याच्या हातात दिली. "उद्या सकाळी ये. तुला अजून बऱ्याच चुका करायच्या आहेत."

सबब कलम तीनमधील उंटरावांचे नाव रद्द समजून तिथे मुलाचे नाव वाचावे. त्याच्या चुका काढण्याचा हक्क उंटरावांकडे तहहयात राहील.

सही : प्राध्यापिकाबाई
साक्षीदार : १. घरचे डॉक्टर
२. उंटराव (आता स्वतः वारस नसल्याने साक्षीला मोकळे)
ठिकाण : घराची मागची खोली
तारीख : मोजणीचा आदला दिवस