सरकत्या दाराची माझी बाजू

तीर्थस्वरूप दादा,

मेहुण्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे म्हशी खुशाल आहेत, मी आहे असा आहे. तुमची बहीण तुमच्याकडे येऊन आठ दिवस झाले, म्हणजे तिची बाजू तुम्ही निदान सोळा वेळा ऐकली असेल. माझी एकदाच ऐका आणि तिला परत पाठवा. घर खायला उठतं हो.

गोठ्याची जुनी दारं वाऱ्याने आपटायची, म्हशी दचकून पान्हा चोरायच्या. म्हणून सरकती दारं करायचं मीच काढलं. सुतार म्हणाला, जाड लाकूड घेऊ. मी म्हणालो, आणखी जाड घ्या. (हौस माझी, कंबर लोकांची.) एकेक दार उचलायला सहा माणसं लागली, आणि त्यांनी ते दम खाण्यासाठी टेकवलं ते माझ्या पायावर. पण वरच्या लोखंडी पट्टीत चाकं बसली आणि दार एका बोटाने सरकलं, तेव्हा दादा, माझा ऊर भरून आला. मापं मी स्वतः घेतली होती: गोठ्याच्या तोंडाची रुंदी, उंची, थोरल्या म्हशीची शिंगं. उघडलेलं दार जाऊन थांबणार कुठे, तेवढं मात्र ना मी मोजलं, ना सुताराने. (जन्मभर बिजागरीची दारं पाहिलेली माणसं आम्ही.) डावं दार मोकळ्या भिंतीवर गेलं. उजवं गेलं ते थेट गोठ्याला लागून असलेल्या आमच्याच स्वयंपाकघराच्या दारावर, आणि आमच्या घराला तेवढं एकच दार. थोडक्यात, एक तर म्हशी बाहेर येणार, नाहीतर तुमची बहीण.

ती म्हणते, मी तिला सकाळपासून दुपारपर्यंत कोंडलं. कोंडलं हा शब्द मला मान्य नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दार दाखवत होतो. ती आतून ओरडत होती, ते मला चाकांचं करकरणं वाटलं आणि मी सुताराला तेल घालायला सांगितलं. हे तिने ऐकलं. पुढे चहा आला नाही म्हणून मी चौकशी केली, तेही ऐकलं. मग खिडकीतून आधी पिशवी बाहेर आली, मागोमाग ती. "आता दारालाच सांगा चहा करायला!" म्हणाली आणि बस पकडून तुमच्याकडे आली.

चुकलोच मी. दाराची चूक अर्धी सुताराची, चहाची सगळी माझी. तुम्हीच तिची समजूत घाला.

तुमचा,
मेहुणा

ता. क. दारं काढून टाकायची ठरली आहेत, असं तिला सांगा.

ता. क. ती सहा माणसं मला पाहिलं की रस्ता बदलतात, म्हणून अजून काढलेली नाहीत.

ता. क. खरं सांगतो. आज सकाळी चहा करायला आत आलो, तेवढ्यात दार आपोआप सरकलं, चाक पट्टीवरून उतरलं आणि आता ते हलत नाही. म्हशी केव्हाच फिरायला गेल्या. खिडकीतून माझे खांदे निघाले, पोट अडकलं. हे पत्र सुताराच्या हाती देतो आहे. चार दांडगी माणसं घेऊन लगेच या. तिलाही आणा. तिने हात लावायला नको. बाहेर उभी राहून हवं तेवढं हसू दे, मला आत ऐकून बरं वाटेल.