वाडीच्या गोदामातली शिडाची नाव

बाबा, आज सकाळीही आपल्या नावेत घोट्याच्या वर पाणी होतं. डब्याने उपसलं आणि धक्क्यावर येऊन बसले, तरी वाकून वाकून पाहतेच आहे, पुन्हा किती आलं म्हणून. तिला तलावात उतरवून चार दिवस झाले. ऑफिसच्या आधी येते, संध्याकाळी सक्करदऱ्याला घरी जायच्या आधी येते, आणि मधला सगळा दिवस जिवाला चैन नसते. फळ्या फुगून सांधे मिटले तर नाव वाचली. नाहीतर सरपण.

इथले बाकीचे लोक उन्हाळा लागला की आपापल्या शिडाच्या नावा बाहेर काढायचे. तुमची मात्र बारा महिने पाण्यात. मी शाळेत असताना म्हटलं होतं, शेवाळ किती धरतं हिला, आपणही काढू या. तुम्ही खरवडता खरवडता थांबलात. "काहून वं, उन्हात भाजाची हाय का तिले? लाकडाची हाय ते. फळी वाळली का सांधे उघडते." मग कापसाची पिळलेली वात माझ्या हातात दिलीत, सांध्यात ठासायला. मी तासभर ठासली. तुम्ही बोटाने चाचपून सगळी उपटून काढलीत. "लय घाई हाय तुले," म्हणालात, आणि पुन्हा पहिल्यापासून करायला लावलंत. त्याचा मला अजून राग येतो.

तुम्ही दवाखान्यात होतात त्या एप्रिलमध्ये मी तीच नाव शहराबाहेर वाडीला ओळखीतल्या एकाच्या पत्र्याच्या गोदामात नेऊन ठेवली. मे संपायच्या आत फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. तुम्ही खाटेवरून विचारलंत, "नाव पाण्यात हाय ना वं?" आणि मी म्हटलं, "हाव बाबा." "मंग बरं हाय," म्हणून त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवलात. पुढे आठवडाभरच होतात. नाव अकरा वर्षं गोदामातच राहिली. तिच्याकडे पाहायची माझी छाती नव्हती.

आज तलावावरच्या चौकीदार काकांनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. "ताई, मनाले लावून घेऊ नका. तिच्या भल्यासाठीच काढली होती ना तुम्ही?" मी मान हलवली. पाणी कुजवेल म्हणून काढली, असंच सगळ्यांना सांगत आले आहे. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. तुम्ही आजारी पडल्यावर दर रविवारी येऊन पाणी उपसायचा मला कंटाळा आला होता, बाबा. दुसरं काही कारण नव्हतं.