उपरण्याखालचा सौदा

१९ मार्च १९५५

दमणी घ्यायची, छताची बैलगाडी. ठरलं. कुणाला विचारलं नाही, विचारलं की फाटे फुटतात.

धाकट्या दिराला, झुलालभाऊजींना, तेवढं सांगितलं. आखाजीच्या सणाला मला माहेरी बहादरपूरला जायचंय, आणि यंदा एस.टी.त कोंबून घेऊन नाही जायचं. स्वतःच्या गाडीतून, छताखाली बसून, ऐटीत! भाऊजी हसले. "वैनी, या वयमा माहेरनी हौस?" म्हटलं, हौसेला वय विचारलं नाही कुणी अजून.

शेजारच्या भिकुबाईने तर गल्लीभर करून टाकलं. कमलबाईला दमणी पाहिजे, शेचाळिसाव्या वर्षी. करू दे.

खरं कारण इथेच लिहून ठेवते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ह्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता काठी धरून खोलीत चालतात. डॉक्टर म्हणाले होते, "समजतं सगळं त्यांना, शब्द तेवढे निघत नाहीत." तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. पाहुणा आला की भिंतीकडे तोंड करून निजतात. ओठ वाकडा झालाय तो कुणी बघू नये म्हणून. ज्या माणसाने खानदेशातला एक बैलबाजार सोडला नाही तो सात महिने एका खाटेवर!

दमणीला चहूबाजूंनी पडदे. आत बसले तर कोण बघतंय? पण पहिली खेप धड झाली पाहिजे. वाटेत चाक निखळलं, चार जणांनी ह्यांना उचलून बाहेर काढलं, की संपलं. मग पुन्हा कधी निघायचे नाहीत, मला माहीत आहे. म्हणून गाडी पारखून घ्यायची.

ह्यांना काही बोलले नाही. त्यांनाही माहेरचंच सांगितलं. "हं" केलं फक्त.

२३ मार्च

काल धुळ्याला जाऊन आले. भाऊजी बरोबर होते. भाईदास म्हणून दलाल आहे, बैलांचाही धंदा, जुन्या गाड्यांचाही. आम्ही आवारात पाय टाकला नाही तोच चहा. मग पुन्हा चहा. तिसऱ्या चहाला मी कप पालथा घातला. एवढं आदरातिथ्य माझ्या सासरीसुद्धा झालं नव्हतं.

दमणी दिसायला देखणी. निळा रंग, छताला आतून फुलाफुलांचं कापड. भाईदास सांगत होता, "एका मामलेदारसाहेबनी गाडी शे आक्का. देवदर्शनबिगर कोठे गई नही. बठ्ठं सागनं लाकूड!"

मी आत चढून बसले. बैठकीच्या फटीत बोट घातलं तर मिरचीचं बी निघालं. मग आणखी निघालं. मूठभर निघालं असतं. म्हटलं, मामलेदार देवाला मिरच्या वाहत होते का?

भाऊजींना ठसका लागला. भाईदास मात्र हलला नाही. म्हणाला, घाई करा, अमळनेरचे वकील गाडी बघून गेलेत, आज संध्याकाळी विसार घेऊन येताहेत.

बरं, येऊ देत.

२४ मार्च

काल पुढचं लिहायचं राहिलं, चूल पेटवायची होती.

भाव. भाईदास बैलांचा दलाल, त्यामुळे गाडीचा भावही रुमालाखालीच करतो. दोघांनी हात हातात घ्यायचा, वरून कापड टाकायचं आणि बोटं दाबून बोलायचं. बघणाऱ्याला काही कळत नाही. आता मी बाईमाणूस, परक्याच्या हातात हात कसा देऊ? भाऊजींचा हात गेला आत. एकदा कापड हललं, दोनदा हललं, आणि भाऊजींनी मान डोलावली. झालं! दोनशे वीस.

अहो, सुरुवात अडीचशेची आणि दोन दाबांत दोनशे वीस? ह्यांचा हात आत गेला की अर्धा अर्धा तास बाहेर येत नसे. भाऊजी मऊ माणूस. कुणी हात धरला की सोडवून घ्यायची त्यांना लाज वाटते.

मी म्हटलं, विसार दिलेला नाही तोवर सौदा झालेला नाही. घरच्यांना गाडी दाखवल्याशिवाय मी घेत नाही. पारोळ्याला आमच्या दारात आणून दाखवा.

भाईदास म्हणाला, आणि वकील? म्हटलं, वकिलांना माझा नमस्कार सांगा.

येताना एस.टी.त भाऊजी दूर जाऊन बसले. वाईट वाटलं मला. पण काय करू, पैसा ह्यांचा आणि जीवही ह्यांचाच बसणार त्यात.

२७ मार्च

आज उगीच आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे बाजारातून आले की माझा हात पदराखाली घेऊन मला ती बोटांची भाषा शिकवायचे. एक बोट धरलं की एक. दोन धरली की दोन. सगळा पंजा धरला की पाच. मी विचारलं होतं, दोन म्हणजे दोन रुपये की वीस की दोनशे? तर म्हणाले होते, "ते समोरच्याने समजून घ्यायचं असतं. वस्तू डोळ्यांसमोर असते ना." नव्या नवरीला कुणी असलं शिकवतं का! सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि मला दोन दिवस तोंड वर करता आलं नाही.

तीस वर्षं झाली.

४ एप्रिल

भाईदासाचा निरोप. वकील अजून विचार करताहेत, तेवढ्यात तो आम्हाला गाडी दाखवून जाईल. मोठे उपकार.

१० एप्रिल

आली दमणी! गल्लीतली बायकापोरं गोळा झाली. भिकुबाई आत चढून बसून आली आणि म्हणाली, गादी पाहिजे. हिला बोलावलं कुणी?

चाकं घट्ट होती. भाऊजींनी आरे हलवून पाहिले, एक हलला नाही. मी खूश. पण अंगणात गाडी उभी केली तिथे चाकांखालची माती भिजली. चैत्राच्या उन्हात, जिथे माझी तुळस दोनदा पाणी मागते! मी विचारलं तर भाईदास म्हणाला, "तुमनासाठे धुई आणी, आक्का." धुतली म्हणे. छत धुळीने माखलेलं आणि चाकं तेवढी धुतली.

घरात येऊन ह्यांना सगळं सांगितलं. खिडकीतून बघतच होते. चाकांचं सांगितलं आणि हे हसले! पोटातून हसले, खरखर आवाज झाला घशातून. पोळ्यापासून पहिल्यांदा. मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले आणि थोडी रडून आले.

मग डाव्या हाताने खिडकीबाहेर दाखवलं. ऊन. पुन्हा ऊन. मग चाक. मला कळलं एकदाचं. लाकूड उन्हात आटतं, पाणी प्यायलं की फुगतं. ह्या पठ्ठ्याने रात्रभर चाकं नदीत बुडवून ठेवली असणार.

बाहेर गेले आणि गोड बोलून सांगितलं, भाईदासभाऊ, गाडी चार दिवस इथेच राहू द्या, माझ्या जावेला दाखवायची आहे. जाऊ कुठली आणायची ते नंतर बघू. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, मग न्या, वकील वाट बघत असतील. ठेवून गेला.

१२ एप्रिल

ऊन कडक. दमणी मधोमध उन्हात. भिकुबाई विचारते, रंग उडेल की! म्हटलं, उडू दे, तेच बघायचंय.

१३ एप्रिल

डाव्या चाकाची लोखंडी धाव बोटभर सरकली. आरे हलतात. निळा रंग तडकला तिथे आसाला चीर दिसते, वर मेण भरलेलं. बैठक आणि वरचं छत मात्र खरंच सागाचं, भाऊजी म्हणाले.

हे दिवसभर खिडकीशी. जेवायलाही तिथेच मागितलं.

भीतीही वाटली. ह्याच गाडीत ह्यांना बसवून बोरी नदीच्या उतारावर नेलं असतं मी. दोनशे वीस देऊन.

१५ एप्रिल

आजचं नीट लिहिते, पान संपलं तरी चालेल.

भाईदास आला. मी धाव दाखवली, चीर दाखवली. बोट ठेवून. त्याने जीभ चावली, उन्हाला नावं ठेवली, सुताराला ठेवली, मामलेदारालाही ठेवली. मग म्हणाला, तुमच्यासाठी दोनशे. आणि रुमाल काढून भाऊजींपुढे हात केला. भाऊजींचा हात निघालाच होता.

आतून काठी आपटली. एकदा, दोनदा.

मी धावत आत गेले. हे खाटेवर उठून बसलेले. डाव्या हाताने खुंटीकडे दाखवत होते. खुंटीवर ह्यांचं बाजारचं उपरणं, पोळ्यापासून तसंच. मला वाटलं गार वाटतंय. पंधरा एप्रिलला! अंगावर घालायला गेले तर झटकून टाकलं, आणि दाराकडे बोट. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

भाईदासाला आत बोलावलं. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. वाकड्या ओठाने सरळ त्याच्याकडे बघत राहिले. भाईदास दारातच थबकला. "अभिमनभाऊ? नेरना बाजारवाला?" त्याला ओळख पटली. मी म्हटलं, तेच. ह्यांनी डावा हात पुढे केला.

भाईदास मागे सरला. डाव्या हाताने सौदा करत नाहीत, अपशकुन असतो. मी म्हटलं, "भाऊ, तोच हात जिता आहे. त्याला अपशकुन म्हणू नका." तो खाली बसला आणि त्यानेही आपला डावाच हात पुढे केला. ह्याबद्दल मात्र माणसाला मी चांगलं म्हणेन.

वर उपरणं टाकलं. मग सुरू. कापड हलतंय, थांबतंय, पुन्हा हलतंय. भाईदासाने दोनदा हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, ह्यांनी सोडला नाही. तो गाडीचे गुण सांगायला लागला की हे डोळे मिटून घ्यायचे. भाऊजी दाराशी उभे होते. मी मोजत नव्हते पण भाताला दोन उकळ्या आल्या असतील तेवढा वेळ गेला.

शेवटी भाईदासाने दुसऱ्या हाताने कपाळ पुसलं. "एकशे तीस," म्हणाला. ह्यांनी मान डोलावली. म्हटलं, आणि नवा आस, आणि धाव तुमच्या खर्चाने गरम करून बसवायची, इथल्या लोहाराकडे, माझ्यासमोर. कबूल झाला. विसार तिथेच दिला.

जाताना अंगणात मला म्हणाला, "आक्का, बोलनारा माणूसले बोलमा पकडता येस. यासले काय पकडू?" म्हटलं, अमळनेरच्या वकिलांना काय सांगणार? म्हणाला, त्यांना दुसरी गाडी दाखवतो. शेवटपर्यंत वकील सोडले नाहीत त्याने.

आत आले तर हे उपरण्याची घडी घालत होते. एका हाताने. मी मदत केली नाही.

१९ एप्रिल

लोहाराकडे धाव बसली. लाल तापलेली, मग पाणी, फस्स करून वाफ. आस बाभळीचा, नवा. भाऊजींनी गाडी किल्ल्यापर्यंत रिकामी पळवून आणली. करकर नाही. मिरचीचं बी अजून निघतं.

२१ एप्रिल

ह्यांना विचारायचं धाडस होत नाही. सौदा करणं वेगळं, तो घरात झाला. रस्त्यावर निघणं वेगळं. आज सकाळी म्हणाले, म्हणजे मीच म्हणाले, "मी परवा निघते, चार दिवस भिकुबाई जेवण देईल तुम्हाला." हे काही बोलले नाहीत. बोलणार कसे म्हणा. मीच वेडी, उत्तराची वाट बघत उभी राहिले. मग वाटलं, विचारावं सरळ. पण हे भिंतीकडे वळले तर? दमणी मग मला बघवणार नाही.

पडदे शिवून झाले. हिरवे.

२२ एप्रिल

शिदोरीचं पीठ मळत होते. हे काठी टेकत स्वयंपाकघरात आले, उपरणं खांद्यावर. काठी भिंतीला लावून माझ्या पिठाच्या हातावर उपरणं टाकलं, खाली आपला डावा हात घातला आणि दोन बोटं दाबली. म्हटलं, दोन काय? दोनशे? वीस? ह्यांनी मान वळवून दारातून अंगणात पाहिलं, दमणीकडे. मग पुन्हा दाबली. दोन.

दशम्या कमी पडतील. पीठ आणखी घेते.