स्पाची खोली घ्यावी का?

चि. धाकटीस, क्रूझच्या डुलत्या बोटीवरून ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. जेवते, फिरते, गोळ्या वेळेवर घेते. तुझी पाठ काय म्हणते?

तू विचारलंस, जास्तीचे पैसे भरून स्पाची खोली घ्यावी का. अगं, खोली इतरांसारखीच आहे. पण गरम पाण्याच्या हौदावर कधीही जाता येतं, आणि तापलेल्या दगडी बाकावर टेकलं की अंग कसं मोकळं होतं. तुझ्या भाऊजींनी गुडघ्यांसाठी हट्टाने हीच खोली बुक केली होती. महिन्याभरात ते गेले, पण बुकिंग दोघांचंच राहिलं. त्यामुळे हौदावर घालायचे टॉवेलचे झगेही दोन येतात.

पहिल्याच दिवशी खोली आवरणारी बाई म्हणाली, "साहेब हौदावर वाटतं?" माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं. मग काय, खोटं उघडं पडू नये म्हणून रोज त्यांचा झगा ओला करून दाराला टांगते. काल तिने विचारलं, "साहेबांच्या गुडघ्यांना आराम पडला का?"

म्हटलं, "आता अजिबात दुखत नाहीत."

तुम्ही दोघं येणार असाल तर घ्याच ही खोली. फक्त पुढच्या वर्षावर ढकलू नका.

तुझी,
ताई